डाव्या कोपऱ्यातला ठिपका

१

आमच्या दुकानाला दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत आमचे हे पासपोर्टचे फोटो काढतात आणि आतल्या खोलीत मी बसते. गिऱ्हाइकाला ‘हनुवटी खाली, अजून खाली, आता एवढीही नको’ असं सांगण्यात त्यांचा जन्म गेला, माझा डाग पुसण्यात. लोकांचे जुने फोटो, निगेटिव्ह, स्लाइड्स माझ्याकडे येतात. धूळ, बुरशी, पाण्याचे ओघळ, कोणा पोराच्या चिकट बोटाचा ठसा, असलं सगळं काढून मी ते परत देते. हे काम मी वडिलांकडून शिकले. चार केसांचा एक ब्रश आणि डाग दिसला की हात शिवशिवण्याची खोड, अशी दोन्ही त्यांचीच देणगी. “तुझ्या हातात चंद्र दिला तर तोही घासूनपुसून ठेवशील,” असं हे म्हणतात. ठेवीन की. त्यात वाईट काय, असं मला परवापरवापर्यंत वाटत होतं.

एके सकाळी एक आजी आल्या, तेव्हा आम्ही नुकतंच दुकान उघडलं होतं. बारीक चणीच्या, चेहऱ्यावर मोठा चष्मा, आणि छातीशी धरलेला बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. तो त्यांनी काउंटरवर ठेवला, पण हात काही उचलला नाही.

“रंगीत आहेत,” त्या म्हणाल्या. “त्या काळातसुद्धा रंगीत. लढाईतले. माझा दादा नौदलाची विमानं उडवायचा.”

जहाजावरच्या एका छायाचित्रकाराशी दादाची दोस्ती होती. दादा एका सकाळी उडाला तो परतलाच नाही. तेव्हा त्या मित्राने सुट्टीत घरी येऊन हा डबा आईच्या हातात दिला. आजी तेव्हा अगदी लहान होत्या.

“कडेनं बुरशी चढलीय बघ. तेवढी काढून दे, पोरी. माझे डोळे चाललेत. डॉक्टर म्हणतो, मधलं थोडं राहील काही दिवस, मग तेही जाईल. त्याआधी मला नीट बघायचंय.”

काय बघायचंय हे मी विचारलं नाही. फोटोच, दुसरं काय?

२

डब्यात पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेल्या पंधरा-सोळा स्लाइड्स होत्या. पहिली मी दिव्याच्या काचेवर ठेवली, भिंग लावलं आणि काम विसरून बघतच बसले. जुना काळ म्हटला की आपल्या डोक्यात काळापांढराच येतो. इथला समुद्र आत्ताच्या समुद्रासारखा निळा होता. विमानवाहू जहाजाचा लांबलचक लाकडी डेक, त्यावर गर्द निळी विमानं पंख वर मुडपून दाटीवाटीनं उभी. एकाच्या पोटाखाली तेलाचा ओघळ. डेकवरच्या माणसांचे सदरे ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे पिवळे, लाल, हिरवे. एका पिवळ्या सदऱ्याच्या नाकाची साल उन्हानं निघाली होती, आणि ते नाक इतकं ताजं होतं की उठून मलम लावावं.

शेवटची स्लाइड मात्र वेगळी. डेक रिकामा, त्यावर आडव्या ताणलेल्या लोखंडी दोऱ्या. माणसं कडेला ओळीनं उभी आणि सगळ्यांच्या माना वर, डावीकडे. मागच्या टोकाला एकटा एक माणूस, आपल्याकडे पाठ केलेला, दोन्ही हातांत बॅटीएवढ्या रंगीत फळ्या. हात खांद्यांच्या रेषेत सरळ पसरलेले.

ते बघत होते त्या कोपऱ्यात, आकाशात, एक ठिपका होता.

आधीच्या स्लाइड्स मी परत काढल्या. प्रत्येकीत होता, त्याच कोपऱ्यात. कधीकधी होतं असं. कॅमेऱ्याच्या आत धुळीचा कण अडकला की तो प्रत्येक फोटोत त्याच जागी उमटतो. पण दोन फोटो कॅमेरा उभा धरून काढलेले होते. त्यांत कणाची जागा बदलायला हवी होती, आणि ती बदललेली नव्हती. हे माझ्या ध्यानात आलं. तोवर माझा हात कापसाकडे गेला होता.

३

बुरशी सहज निघाली. ठिपका हट्टी होता. रबरी फुग्यानं हवा मारली, हलला नाही. मऊ ब्रश फिरवला, तरी नाही. मग काडीला कापूस गुंडाळून औषधात बुडवला आणि हलक्या हातानं फिरवला तेव्हा सुटला. सुटताना जरासा अडला, सदऱ्याचं बटण तुटायच्या आधी धागा ताणतो तसा. कापसावर पुसटसा करडा-निळा डाग उरला. कॅमेऱ्यातल्या कणाचा डाग चित्रातच असतो, तो कापसावर कसा येईल? पण आला होता, आणि निघतोय म्हटल्यावर मी कशाला थांबतेय. सगळ्या स्लाइड्सवरचा पुसला. कोणी सांगितलेलं काम नव्हतं, पण आपल्या हातून गेलेल्या वस्तूवर डाग राहिला असं कोणी म्हणायला नको.

शेवटची पुसून झाल्यावर भिंगातून पाहिलं आणि मला बरं वाटलं नाही. आकाश लख्ख झालं होतं. माणसं मात्र अजून तशीच माना वर करून उभी होती, त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत.

हे चहा घेऊन आत आले आणि माझ्या खांद्यावरून वाकले. “काय बघताहेत गं सगळे?”

“काही नाही.”

“काही नाही कसं? या पिवळ्या सदऱ्यानं तर डोळ्यांवर हात धरलाय.”

“ऊन असेल,” मी म्हणाले आणि दिवा बंद केला.

दुसऱ्या दिवशी ती गुणगुण सुरू झाली. बारीक, डबीत माशी कोंडल्यासारखी. कुठून तरी यायची, वाढत वाढत डोक्यावरून जायची, लहान होत जायची आणि थोड्या वेळानं परत यायची. स्कॅनरचा पंखा बंद केला. ट्यूबलाइट बंद केली. अंधारात बसून ऐकलं.

“फ्रिजचा आवाज असेल,” हे म्हणाले.

“आपल्या दुकानात फ्रिज नाहीये, अहो.”

“मग शेजारच्याचा असेल. तुला ना, आवाजातसुद्धा डाग सापडतात.”

४

आजी ठरल्या दिवशी आल्या. पिशवीतून त्यांनी स्लाइड बघायचा छोटा प्लास्टिकचा डबा काढला, आत बल्ब असलेला, कडेकडेनं पिवळा पडलेला. दुसरी कुठलीही न बघता त्यांनी शेवटचीच स्लाइड त्यात सरकवली. चष्मा कपाळावर चढवून डबा डोळ्याला लावला. कौतुकाची वाट बघत मी हात पुसत उभी होते.

त्यांनी स्लाइड पुन्हा नीट बसवली. डबा हलवला, खिडकीकडे वळवला, दुसऱ्या डोळ्याला लावला.

“अगं,” त्या हळूच म्हणाल्या, “तो कुठं गेला?”

“कोण, आजी?”

“दादा.”

मग त्यांनी सांगितलं, आणि असं सांगितलं की जणू घरातल्या घड्याळाविषयी सांगताहेत. पहिल्यांदा आईनं दाखवला तेव्हा तो कोपऱ्यात खसखशीएवढा होता. आई रोज बघायची. आजींचं लग्न झालं तेव्हा तो राजगिऱ्याएवढा झाला होता. आई गेली त्या वर्षी मोहरीएवढा. “मी विचारायचे, इतका हळू का येतोय गं? आई म्हणायची, एवढा मोठा समुद्र ओलांडायचा, वेळ लागणारच.”

“आजी, फोटोतली वस्तू कधी मोठी होते का? डोळ्यांचा...”

“हा फळ्यावाला बघितलास?” माझं बोलणं त्यांच्या कानावर आलंच नसावं. “याचं काम एवढंच. येणारा नीट येतोय का, आपला आहे का, बघायचं. हात आडवे पसरले म्हणजे बरोबर आहे, ये. फळ्या डोक्यावर धरून हलवल्या म्हणजे उतरू नकोस, फिर मागं. माझ्या जन्मात याचे हात आडवेच आहेत. वाट बघतोय बिचारा.” त्यांनी डबा खाली ठेवला. “आणि मला आता थोडेच दिवस दिसणार आहे गं. म्हणून म्हटलं, नीट बघता यावं. तू काय केलंस?”

खरं सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्यांचा तो चेहरा बघून मी भलतंच बोलून गेले.

“अजून एक हात राहिलाय,” मी म्हणाले. “औषधानं आकाश पांढरं पडतं थोडा वेळ, मग येतं परत. ही एक स्लाइड ठेवून जा.”

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. वडिलांच्या वेळचं दुकान, नाव चांगलं. का नाही ठेवणार?

५

आधी कचऱ्याची टोपली पालथी घातली. ती सकाळीच रिकामी झाली होती, कापसाचे बोळे गाडीतून गावाबाहेर पोचले होते.

मग कॉम्प्युटर उघडला. काम हातात घ्यायच्या आधी मी प्रत्येक स्लाइडचा एक घाईचा स्कॅन करून ठेवते, उद्या कोणी भांडायला आलं तर दाखवायला. त्यातला डावा कोपरा मोठा केला. आणखी मोठा केला. ठिपका मध्ये जाडसर होता आणि दोन्ही बाजूंना सारखाच निमुळता होत गेला होता. धूळ बघण्यात माझे केस पिकले. धूळ कधीही दोन्हीकडून सारखी नसते.

गुणगुण माथ्यावरून गेली. मी वर बघितलं, छतच होतं.

ह्यांना सगळं सांगितलं. वेड लागलं म्हणतील असं वाटलं होतं, पण ते स्टुलावर बसून ऐकत राहिले आणि म्हणाले, “म्हातारीला कोपऱ्यात एक ठिपका हवाय. पुसता येतो तर लावता येत नाही? अर्ध्या मिनिटाचं काम. तिला समाधान, तुला झोप.”

इतकं साधं होतं ते. संगणकातला तुकडा उचलून स्लाइडवर चिकटवता येत नाही, तिथं हातच लागतो. वडिलांचा चार केसांचा ब्रश काढला. काळ्या रंगात थोडा निळा मिसळला. श्वास रोखला. तेवढ्याशा जागेत पंख काढणं माणसाच्या हाताचं काम नव्हतं. नाक कुठं, शेपूट कुठं, मी काहीच ठरवलं नाही. डागासारखा डाग ठेवला आणि ब्रश उचलला.

जन्मभर डाग काढले. लावलेला हा पहिलाच.

वाळल्यावर भिंग लावलं. माणसं पूर्वीसारखीच वर बघत होती. पिवळ्या सदऱ्यावाला तेवढा मान वळवून फळ्यावाल्याकडे बघतोय असं वाटलं. त्याचा डोळ्यांवर धरलेला हात खाली आला होता. स्कॅनशी ताडून बघायला हवं होतं. पण बाहेरून ह्यांचा आवाज आला, “आजी आल्यात गं,” आणि मी स्लाइड चौकटीत बसवून नेऊन दिली.

६

आजींनी डबा डोळ्याला लावला आणि त्यांचा चेहरा उजळला. “आला बघ,” त्या म्हणाल्या. “मी उगाच बोलले तुला, हं.” जाताना माझ्या गालावरून हात फिरवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता गुणगुण थांबेल अशी माझी समजूत होती. ती थांबली नाही. उलट फेऱ्या लहान झाल्या. आधी ती दुकानाच्या बाहेरून कुठून तरी वळून यायची, आता नुसती छताखाली फिरत होती, उतरायला जागा शोधणाऱ्या पाखरासारखी. मी कामं हातावेगळी करायचे आणि कान वर. रस्त्यावर, स्वयंपाकघरात, कुठंच ती नव्हती. फक्त आतल्या खोलीत, माझ्या टेबलावर. जिथं कापूस फिरवला तिथं.

मग ती मध्येमध्ये तुटायला लागली. ठसका लागल्यासारखी. ठसका, परत गुणगुण, लांब ठसका. एका दुपारी हे बाहेर कोणाला तरी ‘हनुवटी खाली’ सांगत होते तेव्हा ती तुटली आणि पुन्हा लागली नाही. मी ब्रश हातात धरून वाट बघितली. पाणी गेलेल्या नळाखाली बादली धरून बसावं तशी बसले. मग मला रडू आलं, ते आवरेना.

“काय झालं?” हे धावत आले.

“शेजारचा फ्रिज बंद पडला,” मी म्हणाले.

ते हसले नाहीत. माझ्याजवळ बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजींचा फोन आला. आवाज एखाद्या लहान मुलीसारखा. “खूप जवळ आला गं दादा! इतकी वर्षं नाही ते या चार दिवसांत. माझे डोळे पुरत नाहीत, तू येऊन बघ ना. पंख दिसताहेत का ते सांग.”

दादा तर काल दुपारी माझ्या टेबलावर संपला होता. मग हा कोण येतोय, असं मनात आलं. तो विचार मी मनातच दाबला, पर्समध्ये कापूस आणि औषधाची बाटली टाकली आणि निघाले.

७

आजींची खोली वरच्या मजल्यावर. एक पलंग, एक खुर्ची, औषधांच्या बाटल्या ओळीनं लावलेलं कपाट आणि एक मोठी खिडकी. खिडकी घट्ट बंद. “धूळ येते ना स्लाइड्सवर,” आजी म्हणाल्या. त्यांनी चांगली साडी नेसली होती आणि केस विंचरून बसल्या होत्या. दुसरी खुर्ची कुठूनशी मागून आणून समोर मांडली होती. मी तिच्यावर बसायला गेले तर म्हणाल्या, “तिथं नको, पलंगावर बस.”

डबा माझ्या हातात दिला. मी डोळ्याला लावला.

ठिपका कोपऱ्यात नव्हता. आकाशाच्या मध्यावर आला होता आणि मिरीएवढा झाला होता. त्याला पंख नव्हते. नाक नव्हतं, शेपूट नव्हतं. कड केसाळ होती, चार केसांच्या ब्रशनं उमटावी तशी, आणि ती कड मी ठेवली होती तिथं थांबलेली नव्हती.

“थांबा हं, आजी. काचेवर जरा काहीतरी आलंय, पुसते.”

स्लाइड काढली, त्यांच्याकडे पाठ केली, कापूस ओला केला आणि फिरवला. आधी हलका, मग जोरात. माझा रंग औषधानं पहिल्या हातात जायला हवा. कापूस पांढराच राहिला. वर करून बघितला तर त्याचे काही तंतू ठिपक्याला चिकटलेले, ताणलेले. मी बघत असतानाच ते आत गेले. फाटले नाहीत, गळाले नाहीत. आत गेले.

तेव्हा आवाज ऐकला. ती गुणगुण नव्हे. कोरडा ब्रश कागदावर फिरवला की होतो तसला, खिडकीच्या बाजूनं, सावकाश.

स्लाइड परत डब्यात घातली. का, ते सांगता येत नाही. वाटलं, निदान माणसं तरी बघावीत. डेकच्या कडेला कोणीही नव्हतं. पिवळे नाहीत, लाल नाहीत, हिरवे नाहीत. डेकवर एक टोपी पडली होती, पळताना पडावी तशी. मागच्या टोकाला फळ्यावाला तेवढा होता, एकटा, अजून आपल्याकडे पाठ करून. त्याचे दोन्ही हात डोक्यावर होते आणि फळ्या एकमेकींवर आडव्या. त्यांच्या कडा पुसट झाल्या होत्या. हलत्या वस्तूच्या होतात तशा.

“काय गं, पंख दिसले?”

“दिसले,” मी म्हणाले.

“आणि त्या फळ्यावाल्याचे हात? मला आता कडेचं काही दिसत नाही. मधला तो तेवढा दिसतो, मोठा.” आजी खुर्चीत पुढं सरकल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर गच्च धरून. “आडवेच आहेत ना? ये म्हणतोय ना तो?”

खरं सांगायचं तर काय काय सांगावं लागलं असतं? मी तुमच्या दादाला कापसानं पुसला. तो माझ्या छताखाली जागा शोधत फिरला आणि संपला. त्याच्या जागी मी डाग लावला, आणि हा जो येतोय तो माझा डाग आहे. इतकी वर्षं वाट बघितलेल्या बाईला हे सांगायला मला तोंड नव्हतं.

“आडवेच आहेत, आजी,” मी म्हणाले. “अगदी सरळ. ये म्हणतोय.”

त्यांनी मोठा श्वास सोडला आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून हसल्या. “मग ती खिडकी उघड, पोरी. दादाला बंद खिडक्या आवडायच्या नाहीत.”

मी उठले. काचेवर ब्रश फिरायचा थांबला होता. मी वर बघितलं नाही, नुसता हात लांब करून कडी काढली.